प्रसंग सत्तावीस

वडील गेले, त्यांच्या विम्याचे पैसे आले,
आणि त्यातून मी चित्रपट केला.
आईने विचारलं होतं, छपराचं काय?
छप्पर अजून गळतं.

पीटरहेडचा धक्का, फेब्रुवारी महिना,
सात माणसं, उसना कॅमेरा,
मासळी वाहायच्या गाडीत पाळीपाळीने झोप.
आवाज टिपणारी मॉरा म्हणायची,
शांतता कुणाकडे मागतेस?
या समुद्रपक्ष्यांना आपण पैसे दिलेत का?

चार महोत्सव, एक बक्षीस:
काचेचा मासा. शेपूट विमानातच मोडलं.
ग्लासगोत आठवडाभर लागला होता.
गुरुवारी मी मागे उभी राहून डोकी मोजली, तीन.
त्यातला एक थंडीतून ऊब शोधत आलेला,
पण तो शेवटच्या नावापर्यंत बसून राहिला
हे मी अजूनही लोकांना सांगते.

दुसरा चित्रपट झाला नाही.
वाक्य छोटं आहे. वर्षं सहा लागली त्याला.

मग नोकरी. क्लाइडच्या काठी चौथा मजला,
दारावर माझं नाव, त्याखाली ‘कथा विकास’.
आई फोनवर: म्हणजे नक्की करतेस काय?
दुसऱ्यांच्या गोष्टी उभ्या करते.
आणि राहतात का त्या उभ्या?
एखादी.

इथे मी नकार साखरेत घोळवायला शिकले.
‘लेखणीत ताकद आहे’, म्हणजे नाही.
‘आमच्याकडे सध्या असंच एक चालू आहे’,
म्हणजे नाही, आणि तसं काही चालूही नाही.
‘पुढचं लिहाल ते जरूर दाखवा’,
म्हणजे कृपा करून नको.
नन्नाचाच पाढा, फक्त सुरात.

तरी डंडीच्या एका बसचालक बाईची संहिता
चार वर्षं मी पदराखाली दिवा न्यावा तशी नेली.
तीन वरिष्ठ बदलले, शेवट पाच वेळा बदलला,
झाला एकदाचा चित्रपट.
माझं नाव येतं जेवण पुरवणाऱ्यांच्या नंतर,
तोवर लोकांनी कोट चढवलेले असतात.

आणि परवा मंगळवारी ढिगात एक नाव:
स्ट्रुअन मॅकी.
माझ्या चित्रपटातला मुलगा.
तेव्हा नऊ वर्षांचा, पुढचा एक दात नसलेला.

प्रसंग सत्तावीस. समुद्र. पहाट.
लाल टोपीतली बाई मुलाला
कमरेइतक्या पाण्यात उभं करते.
एकदा, दोनदा, नऊ वेळा.
नवव्यांदा त्याचे ओठ निळे.
ती म्हणते, ‘छान. आता न थरथरता.’

आमच्याकडे वाचनाला ठेवलेला पोरगा, कॅलम,
त्याने शेरा जोडलाय:
‘दिग्दर्शिका एकसुरी वाटते.
तिला थोडी माया द्यावी.
प्रेक्षकांना ती आवडायला हवी.’
शेरा चोख आहे.
असे शेरे लिहायला त्याला मीच शिकवलं.

टोपी हिरवी होती.
थर्मास होता धक्क्यावर, हे खरं.
त्यातला चहा मी प्यायले, हेही.
त्याची आई गाडीत बसलेली,
काचेवरची वाफ पुसायची, पुन्हा पुसायची,
खाली उतरली नाही. मी तिला म्हटलं होतं,
तुम्ही दिसलात की तो रडतो.

बुधवारी बैठकीत मी म्हणाले, ही करू या.
खर्च बघणाऱ्या ग्रेगरला घोर समुद्राचा:
लहान मूल, गार पाणी, कायदे.
म्हटलं, टाकीत करू. कोमट पाण्यात.
किती वेळा लागेल?
एकदाच, म्हटलं,
आणि माझा आवाज जरा चढला असावा,
कारण सगळे आपापल्या कागदांत बघू लागले.

रात्री सगळे गेल्यावर
कॅलमचा शेरा खोडला.
पेन्सिलीला टोक केलं, उगाच दोनदा.
समासात लिहिलं:

माया नको.
टोपीचा रंग तुझ्या मर्जीने.
नऊ नाही, अकरा.

आणि मग, ऐकायचा त्याला हक्क आहे म्हणून,
किंवा वीस वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून,
त्याच ओळीत, जागा नव्हती तरी:
चित्रपटात ठेवला तो दुसरा.